टांग्याची रिकामी फेरी

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावच्या स्टेशनाबाहेर पाच-सहा टांगे उभे असायचे, त्यातला एक माझ्या वडिलांचा होता. नागभीडकडून किंवा चांद्याकडून, म्हणजे चंद्रपूरकडून, येणारी छोट्या रुळांची गाडी थांबली की सामानवाली माणसं टांग्यांकडे वळायची. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेल्या मुली, बदलीवर आलेले मास्तर, तहसीलच्या कामाला आलेले शेतकरी, तांदळाच्या भरलेल्या चुंगडीला हात लावून उभी असलेली एखादी म्हातारी. महाशिवरात्रीच्या आधी मार्कंड्याच्या जत्रेला निघालेले लोक इथे उतरून टांग्याने बसस्टँडावर जायचे. त्या दिवसांत अब्बा जेवायला घरी येत नसत. अम्मी भाकरी फडक्यात बांधून स्टेशनावर पाठवायची.

घरात आम्ही हिंदी बोलायचो. पण टांग्यावर बसले की अब्बांची जीभ गावाची व्हायची. सवारीशी ते झाडीपट्टीतल्या मराठीत बोलत आणि घोडीशीही. घोडी तांबूस होती, कपाळावर पांढरा डाग. तिला आम्ही नाव ठेवलं नव्हतं. एकच तर होती. ‘घोडी’ म्हटलं की तीच.

नव्वदीच्या दशकात छोटी लाईन बंद झाली. मोठी लाईन टाकायची म्हणून जुने रूळ उखडायला घेतले. सुरुवातीला सगळे खूश होते. मोठी गाडी येणार, गावाचं भलं होणार, असं अब्बाही म्हणायचे. पण मोठी गाडी यायला वर्षं लागणार होती आणि घोडीला रोज खायला लागायचं. स्टेशनाबाहेर टांगे उभे राहत, समोर फाटक बंद. काही दिवस टांगेवाले सवयीने येऊन बसले, विड्या ओढल्या, गप्पा केल्या. मग एकजण राईस मिलमध्ये हमालीला लागला. एकाने घोडा विकला आणि बल्लारपूरला भावाकडे निघून गेला. सगळ्यांत तरुण होता त्याने ऑटो घेतला. त्याचा ऑटो पहिल्यांदा गावात फिरला तेव्हा तो मुद्दाम अब्बांजवळ थांबला आणि बसा म्हणाला. अब्बा बसले, एक चक्कर मारून आले, चांगला आहे म्हणाले. घरी आल्यावर मात्र जेवले नाहीत.

त्या वाईट दिवसांत एका बाईने आम्हाला तारलं. ती सावली गावाकडच्या एका खेड्यातली. मुलगा-सून गावाला धानाची शेती पाहायचे आणि ही नातीला घेऊन मूलमध्ये खोली करून राहायची, नातीची शाळा व्हावी म्हणून. ती तरुण होती तेव्हापासून अब्बांच्या टांग्यात बसत आलेली. एक दिवस रस्त्यात तिने टांगा थांबवला.

“भाऊ, आमच्या पोरीले शाळेत नेऊन सोडत जा ना,” ती म्हणाली. “ऑटोवाले लय कोंबतेत पोट्ट्याईले. तुमच्यावर भरवसा आहे मले.”

एक मुलगी बसायला लागली, तिचं पाहून शेजारची दोन, मग पुढच्या गल्लीतली. महिनाभरात टांगा भरला. त्याच शाळेत मी बालवर्गात मदतनीस होते. माझं लग्न जमत नव्हतं, शिकून दुसरं काही मिळालं नव्हतं, तेव्हा ती नोकरी मला पुष्कळ होती. सकाळी मीही त्याच टांग्यात मागच्या बाजूला पाय सोडून बसायची. पुढे अब्बांजवळ त्या म्हातारीची नात बसायची. ती जागा तिचीच, असं तिने ठरवून टाकलं होतं. पहिलीतली मुलगी, दोन वेण्या, तोंड सतत चालू. घोडी रात्री झोपते का, घोडीला दात किती, घोडी मास्तरीणबाईंना ओळखते का. अब्बा प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देत. आमच्याशी ते इतके कधी बोलले नव्हते.

घोडीने घरं पाठ करून घेतली. लगाम ओढायची गरज राहिली नाही. दार आलं की ती थांबायची, मूल चढलं की चालायची. एखादं मूल तापाने घरी असलं तरी ती त्या दारापाशी थांबायची, आणि आतून कोणीतरी येऊन आज नाही येत म्हणून सांगेपर्यंत हलायची नाही. लोकांना त्याचं फार कौतुक होतं. त्या दोन वर्षांत अब्बांच्या अंगावर थोडं मांस आलं. अम्मीचं गोंडपिपरीला माहेरी जाऊन यायचं कधीचं राहिलं होतं, ती जाऊन आली.

रेल्वेच्या कामामुळे आमच्या रस्त्यावर डंपर फार झाले होते. गिट्टी, मुरूम, काय काय वाहून न्यायचे. रस्त्याच्या कडेला गिट्टीचे ढीग पडलेले असायचे. अब्बा डंपर दिसला की टांगा बाजूला घ्यायचे, घोडीच्या मानेवर हात ठेवायचे. ती कधी बिचकली नव्हती.

त्या सकाळी डंपर आमच्या बाजूने जात असताना त्याचा टायर फुटला. तसा आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही. माझ्या कानात नुसतं शिट्टीसारखं वाजत राहिलं आणि टांगा पळत होता. अब्बा उभे राहून लगाम ओढत होते. मुलं एकमेकांवर पडत होती, मी हाताला येईल त्याला धरत होते. मग एक चाक गिट्टीच्या ढिगावर चढलं आणि टांगा आडवा झाला.

मी उठले तेव्हा माझ्या गुडघ्यातून रक्त येत होतं. मुलं रडत होती, म्हणजे जिवंत होती. खरचटलं होतं सगळ्यांना, एकाचा ओठ फुटला होता. घोडी साजात अडकून आडवी पडली होती आणि पाय झाडत होती. अब्बा तिच्याकडे गेलेच नाहीत. ते टांग्याच्या दांडीखाली हात घालून ती उचलायचा प्रयत्न करत होते. दांडीखाली त्या मुलीचा हात होता. ती रडत नव्हती. डोळे मोठे करून अब्बांकडे पाहत होती, जणू हाही तिच्या प्रश्नांपैकीच एक.

लोक धावून आले, दांडी उचलली, कोणाच्या तरी मोटारसायकलवर मुलीला दवाखान्यात नेलं, तिथून चंद्रपूरला. कोपरापाशी हाड चुरलं होतं. डॉक्टरांनी हात वाचवला, पण तो सरळ झाला नाही. कोपरातून वाकलेला राहिला तो राहिलाच.

आम्हाला वाटलं होतं लोक मारतील, पोलिसात देतील. तसं काही झालं नाही. कोणी अब्बांना शिवीही दिली नाही. डंपरचा टायर फुटला हे सगळ्यांनी पाहिलं होतं. मुलगी चंद्रपूरहून परत आल्यावर अब्बा तिला पाहायला गेले, मी सोबत गेले. म्हातारीने खुर्ची दिली, चहा केला. मुलगी पलंगावर बसून होती, हाताला प्लास्टर. तिने विचारलं, घोडीला लागलं का. अब्बा नाही म्हणाले. मग म्हातारी बोलली.

“भाऊ, तुमचा काई दोष नाई. टायर फुटला त्याले तुमी काय करान? पन आता नाई पाठवत मी पोरीले टांग्यात.”

अब्बांनी मान हलवली. चहा अर्धाच राहिला. बाहेर आल्यावर ते मला म्हणाले की तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाकीच्यांनीही तसंच केलं, एकेकाने, सभ्यपणे. कोणी म्हणालं मुलाला आता मामाकडे ठेवतोय, कोणी म्हणालं बाप मोटारसायकलवर सोडेल. आठवड्याच्या आत सगळी मुलं ऑटोत बसू लागली. मी पायी शाळेत जायला लागले.

टांगा फारसा मोडला नव्हता. एक दांडी तडकली होती, ती अब्बांनी तार गुंडाळून पक्की केली. घोडीच्या अंगावर खरचटल्याच्या जखमा होत्या, त्या भरल्या. पण सकाळी शाळेची वेळ झाली की ती अंगणात पाय आपटू लागायची, मान वर करून खिंकाळायची. आधी अब्बा दुर्लक्ष करत. मग एक दिवस ते उठले, तिला साज चढवला आणि टांगा जुंपून बाहेर पडले. अम्मीने विचारलं कुठे. ते म्हणाले, तिला जरा चालवून आणतो.

दुपारी शाळेत एका मुलाने मला सांगितलं की तुमचा टांगा आज आमच्या घरी आला होता.

मला आधी कळलं नाही. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम मागे मागे गेले. घोडी नेहमीच्या रस्त्याने चालत होती. पहिलं दार आलं, ती थांबली. आतून एक बाई आली, रिकामा टांगा पाहिला, अब्बांना पाहिलं, पदर सारखा करत उभी राहिली. अब्बा समोर पाहत बसले होते. लगाम मांडीवर सैल पडलेला. थोड्या वेळाने ते हळूच चच् म्हणाले, घोडी पुढे गेली. दुसरं दार, तिसरं दार. कुठे दार उघडायचं, कुठे खिडकीतून कोणी डोकावून मागे सरायचं. समोरून मुलांनी भरलेला ऑटो गेला, मुलांनी ओरडून हात हलवले. अब्बांनीही हात हलवला.

मी तिथूनच शाळेत गेले. असे कितीतरी दिवस गेले. रोज सकाळी ते जात आणि सगळी दारं करून परत येत. अम्मी रडायची, शेजारच्यांनी समजावून पाहिलं. अब्बा म्हणायचे, घोडीला सवय आहे, नाही नेलं तर खात नाही. ते खोटं नव्हतं. पण ते घोडीबद्दलच बोलत होते असं आम्हाला कोणाला वाटत नव्हतं.

शेवटी म्हातारीच आमच्या घरी आली. तिला त्याआधी मी आमच्या मोहल्ल्यात पाहिलं नव्हतं. अम्मीने चटई टाकली. ती बसली, बराच वेळ इकडचं-तिकडचं बोलली, धान कसं झालं, सून कशी आहे. मग अब्बांकडे न पाहता म्हणाली, “भाऊ, तुमी आता आमच्या तिकून नका येत जाऊ. घोडी थांबते अन् पोरगी रडते. टांग्यात बसतो म्हन्ते. मले दोघींचंबी पाहवत नाई.”

अब्बा बरं म्हणाले. तिला रस्त्यापर्यंत सोडून आले. दुसऱ्या दिवसापासून ते गेले नाहीत. घोडी पाय आपटत राहिली. त्यांनी तिची दोरी आखूड केली आणि स्वतः आत येऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

घोडी घ्यायला चंद्रपूरहून एक माणूस आला. लग्नाच्या वरातीसाठी घोडे ठेवायचा. त्याने तिचे पाय पाहिले, दात पाहिले, खूश झाला. अम्मी मला डोळ्यांनी खुणावत होती की अब्बांनी जास्त काही बोलू नये. पण अब्बांनी सांगितलंच.

“धमाका झाला का पळते ते. आधी नोती पळत. आता पळते. सांगून ठेवतो.”

तो माणूस हसला. म्हणाला, “कानात कापूस भरतो आमी. सारेच घोडे पयले बिचकतेत, मंग शिकतेत.”

ती सहज गेली. वळूनही पाहिलं नाही. अब्बा तिच्याबरोबर चंद्रपूर रस्त्यावरच्या नाक्यापर्यंत चालत गेले आणि संध्याकाळी घरी आले. त्या दिवशी अंगणातली लीद अम्मीने झाडली, आणि नंतर कितीतरी दिवस सकाळी झाडू घेऊन ती त्या जागेपाशी जायची, झाडायला काही नसायचं.

मग मोठी लाईन सुरू झाली. पहिली गाडी आली तेव्हा सगळा गाव पाहायला लोटला. अब्बाही गेले. स्टेशनाबाहेर चिंचेखाली ऑटोंची रांग लागली होती. तो तरुण टांगेवाला, ज्याने आधी ऑटो घेतला होता, त्याच्याकडे आता दोन ऑटो होते. त्याने अब्बांना स्वतःहून म्हटलं, दुसरा ऑटो तुम्ही चालवा, मी शिकवतो. तो मनाचा चांगला होता, अजूनही आहे.

शाळेच्या मैदानात एका रविवारी तो अब्बांना शिकवायला घेऊन आला. मी आणि अम्मी कुंपणापाशी उभ्या होतो. अब्बा बसले, त्याने गिअर कसा टाकायचा ते दाखवलं. ऑटो चालू झाला, मैदानात अर्धं वळण नीट झालं. अम्मी हसली, मला तिचं हसणं कितीतरी दिवसांनी दिसलं. तेवढ्यात समोर एक गाय आली. तो मागून ब्रेक, ब्रेक म्हणून सांगत होता. अब्बांनी दोन्ही हातांनी हँडल छातीकडे ओढलं. सगळ्या ताकदीने, मागे रेलून, जसा लगाम ओढतात तसा. ऑटो थांबला नाही. गाय बाजूला झाली आणि ऑटो कुंपणाच्या तारेत जाऊन अडकला.

कोणाला लागलं नाही. मैदानात खेळणारी मुलं हसली, तो तरुणही हसला, अब्बाही हसत खाली उतरले. घरी येईपर्यंत हसत होते. त्यानंतर त्याने दोनदा बोलावलं. अब्बांनी डोळ्यांना कमी दिसतं असं सांगितलं. त्यांना दूरवरचं सगळं नीट दिसायचं.

पुढच्या लग्नसराईत ते एकदा चंद्रपूरला गेले. नातेवाइकाकडे जातो म्हणाले. काय पाहिलं ते त्यांनी कितीतरी वर्षांनी मला सांगितलं, पावसाळ्यातल्या एका दुपारी, मी विचारलं नसताना. त्या माणसाचा पत्ता शोधत ते गेले होते, तर घोडी वरातीला गेलेली. बँडचा आवाज ऐकत ऐकत ते वरातीपर्यंत पोचले. तिच्या अंगावर आरशांची झूल होती, डोक्याला तुरा. नवरदेव वर बसलेला. तिच्या पायाशी फटाक्यांची माळ लावली. अब्बांना वाटलं आता ही उधळणार, आता मुलगा पडणार, म्हणून ते गर्दीत घुसून पुढे गेले. माळ फुटत राहिली आणि घोडी हललीसुद्धा नाही. ते अगदी जवळ गेले, तोंडाने चच् केलं, मानेवर हात ठेवला. तिचा कानही फिरला नाही.

“काईतरी चारलं होतं तिले,” अब्बा म्हणाले, हिंदी सोडून टांग्यावरच्या मराठीत. “डोये उघडे होते. पन आत कोनी नोतं.”

घोडी धरून चालणाऱ्या मोतद्दाराने त्यांना हाताने बाजूला केलं. वरात पुढे गेली. अब्बा स्टँडावर येऊन बसले आणि मिळाली ती बस घेऊन घरी आले.

मला हे त्यांनी सांगितलं तेव्हा घोडी मेलेली होती. गावात एका लग्नाला चंद्रपूरचा बँड आला होता, त्यातल्या कोणीतरी अब्बांना सांगितलं की ती तांबडी घोडी उन्हाळ्यात भर वरातीत पडली ती उठली नाही. चंद्रपूरचं ऊन, अंगावर झूल, पाणी कोण पाजतो. अब्बांनी ऐकून घेतलं. घरी येऊन अम्मीला सांगितलं. अम्मी म्हणाली, सुटली बिचारी. मला त्या शब्दांचा राग आला.

टांगा अंगणात उभाच होता. त्यावर कोंबड्या बसायच्या. कोणी विकत घेईल म्हणून आम्ही वाट पाहिली, पण टांगा कोण घेणार? पावसाळ्यामागून पावसाळे गेले. एका वर्षी जंगलातून लाकूड आणणाऱ्या बाया यायच्या बंद झाल्या, वनखात्याची सक्ती वाढली होती, आणि गॅस आमच्याकडे आलेला नव्हता. पाऊस आठवडाभर थांबला नाही. सरपण संपलं. अम्मीने सकाळी चुलीपुढे बसून नुसतं अब्बांकडे पाहिलं. अब्बांनी कुऱ्हाड घेतली.

आधी त्यांनी मागची बैठक फोडली, जिथे मी पाय सोडून बसायची. मग फळ्या, मग पुढची बैठक. सागवान होतं, फार जुनं, वरून ओलं असलं तरी पेटायचं. दांड्या त्यांनी शेवटी तोडल्या. तार गुंडाळलेली दांडी तोडायला त्यांना वेळ लागला, तार कुऱ्हाडीला लागून ठिणग्या उडत होत्या. मी म्हटलं, राहू द्या, मी करते. त्यांनी मला हाताने मागे सारलं. त्या पावसात आम्ही टांग्यावर भात शिजवला, डाळ शिजवली, आंघोळीचं पाणी तापवलं. चाकांचं लोखंड भंगारवाल्याने नेलं.

त्यानंतर अब्बा बरीच वर्षं जगले. राईस मिलमध्ये झाडलोट करायचे, मग तेही झेपेना. घरी बसून राहायचे. बोलणं कमी कमी होत गेलं. आजारी नव्हते, कशाची तक्रार नव्हती. कोणी काही विचारलं तर नीट उत्तर द्यायचे, आपण होऊन काही नाही. मी पुढे अंगणवाडीत लागले, लग्न झालं नाही, अम्मी आणि मी मिळून घर चालवलं. अब्बांना दवाखान्यात न्यायचं झालं तर ते ऑटोत बसायचे, ऑटोवाला जुन्या ओळखीचा असेल तर त्याची विचारपूस करायचे, आणि उतरताना हळू चालव म्हणायचे. एका हिवाळ्यात सकाळी ते उठले नाहीत. अम्मी चहा घेऊन गेली होती. तिने मला हाक मारली, एकदाच, साध्या आवाजात. मी आत गेले तेव्हा ती कप हातात धरूनच उभी होती.

मागच्या वर्षी मी मूलहून गडचिरोलीच्या बसमध्ये बसले होते. समोरच्या बाकावर एक तरुण बाई तिच्या मुलाला घोड्यांबद्दल काहीतरी सांगत होती. मूलमध्ये पूर्वी टांगे होते, असं तिच्या सासूने तिला सांगितलं होतं, आणि तिचा त्यावर विश्वास बसत नव्हता. तिने वळून मला विचारलं, “बाई, तुमी इथल्याच ना? होते का इथी टांगे?”

मी होते म्हणाले. स्टेशनाबाहेर उभे राहायचे.

“मंग गेले कुठी?”

तेवढ्यात मुलाला उलटी आली, ती त्याचं डोकं खिडकीबाहेर धरून बसली, आणि पुढे तिने पुन्हा विचारलं नाही.